घडाचं तापमान आणि माझा जळफळाट

मत्सराला निवृत्तीचं वय नसतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. 'मॅडम म्हणजे शांत, समाधानी व्यक्तिमत्त्व,' असं एक सहकारी माइकवर म्हणाले आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. समाधानी! माझी निम्मी ताकद पोरांना भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली आणि उरलेली निम्मी दुसऱ्यांच्या दुर्बिणींवर जळण्यात. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं, तेव्हा या दोन्हींपैकी कशाविषयी लिहू, असा प्रश्न मला खरोखरच पडला होता. दुसरं काम मी जास्त मन लावून केलं आहे.

पहिलं काम आधी सांगते. मी तापमान मोजायची. जळगावात एवढं सांगितलं की समोरचा माणूस लगेच मे महिन्यावर येतो. 'मग यंदा कितीवर जाणार, मॅडम?' एक गृहस्थ तर मुलीच्या लग्नासाठी मेमधली तिथी धरावी की डिसेंबरमधली, हे विचारायला घरी आले होते. मी म्हटलं, 'मी इथलं मोजत नाही, आकाशातलं मोजते.' ते म्हणाले, 'तेच की, ऊन आकाशातूनच पडतं ना?' मी चहा करून दिला आणि डिसेंबर धरा म्हटलं.

मी मोजत होते ते तापमान फार दूरचं. आपला सूर्य अब्जावधी ताऱ्यांच्या ज्या मेळ्यात राहतो, ती एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने एकत्र नांदतात. पुस्तकात त्याला दीर्घिकांचा समूह म्हणतात. मी जळगावजवळच्या असोद्याची, केळीच्या बागेत वाढलेली, म्हणून मी पहिल्या दिवसापासून घडच म्हणत आले. माझ्या थोरल्या भावाने, भाऊने, एकदा बागेत उभ्या उभ्या विचारलं होतं, 'घड तं समजला, बाई. पन दोन फण्यांच्या मधी काय हाये?' इतका नेमका प्रश्न मला माझ्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. कारण माझं सगळं काम त्या मधल्या जागेत होतं. तिथे वायू आहे. इतका विरळ, की हात घातला तर भाजणार नाही. पण तापमान कोट्यवधी अंश. आणि सगळ्या दीर्घिकांमधले सगळे तारे एकत्र केले तरी वजन या वायूचंच जास्त भरतं.

एवढा तापलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. तो क्ष-किरणांत चमकतो, आणि क्ष-किरण आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत. म्हणून दुर्बीण उपग्रहावर ठेवावी लागते. ती एकेक किरण टिपते आणि प्रत्येकात किती ऊर्जा होती ते नोंदवते. वायू जितका गरम, तितके जास्त ऊर्जेचे किरण जास्त. कमी-जास्त ऊर्जेच्या किरणांचं प्रमाण पाहून तापमान काढायचं, एवढाच तो धंदा.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कांतिशेठ राहायचे. त्यांचं सोन्याचं दुकान. त्यांच्याकडे दागिन्याचा कस लावायचं मशीन आलं, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. तेही क्ष-किरणांवरच चालतं. सोनं, तांबं, चांदी, प्रत्येक धातू आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतो, त्यावरून भेसळ कळते. मी म्हटलं, 'शेठ, माझंही हेच. माझ्या वायूत कोणता धातू किती, ते असंच कळतं.' कांतिशेठ एकदम सावरून बसले. 'सोनं आहे का त्यात?' 'लोखंड आहे.' 'मॅडम,' ते खऱ्या काळजीने म्हणाले, 'लोखंडासाठी एवढं लांब कशाला जाता?'

पण या धंद्यातलं खरं कौशल्य मोजण्यात नसून वजा करण्यात आहे. दुर्बिणीवर पडणारा प्रत्येक किरण काही घडातून येत नाही. काही आपल्याच दीर्घिकेतून येतात, काही मागच्या कृष्णविवरांकडून, आणि अवकाशात उंडारणारे विजेचे कण यंत्रावर आपटून किरण असल्याची बतावणी करतात ते वेगळंच. याला आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. घडाच्या मध्यावर वायू दाट, उजेड भरपूर, तिथे हिची फिकीर नाही. पण कडेला वायू इतका मंद होतो की मिळालेल्यात घडाचं थोडं आणि पार्श्वभूमीचंच फार. बाजाराच्या दिवशी पलीकडून कुणी हाक मारली तर ती ऐकायला आधी बाजाराचा गलका ओळखावा लागतो, तसं ते आहे. गलका कमी वजा केला तर कडा आहे त्यापेक्षा गरम दिसते, आणि माणूस मोठा शोध लागला म्हणून नाचू लागतो. असे नाचलेले मी बरेच पाहिले आहेत.

मी कधी नाचले नाही. पार्श्वभूमी काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी म्हणत नाही, पुण्याला ज्यांच्याकडे मी संशोधन शिकले ते आमचे सर म्हणायचे. 'नको ते काढून टाकावं तर हिनेच.' आमचे हे, अरविंद, वीजखात्यातून निवृत्त झालेत. तेही हेच म्हणतात, पण ते त्यांच्या जुन्या मासिकांबद्दल म्हणतात.

आता दुर्बिणीबद्दल. ती सगळ्या जगाची मिळून एखाददुसरी. ती कुणीकडे वळवायची यासाठी अर्ज करायचे, एक समिती बसते, ढीगभर अर्जांतले थोडे मंजूर होतात. ज्याचा मंजूर झाला त्याची निरीक्षणं वर्षभर त्याच्या एकट्याची. वर्ष सरलं की ती सगळ्यांना खुली होतात, कुणीही उतरवून घ्यावीत. जळगावच्या कॉलेजात बसून मी जे केलं ते सगळं या खुल्या झालेल्या मालावर. आमच्याकडे पीक काढून नेल्यावर शेतात उरलंसुरलं राहतं त्याला सरवा म्हणतात. ज्यांना शेत नाही ते सरवा वेचतात. मी सरवा वेचणारी होते. त्यात मला लाज वाटली नाही, त्यावर पोट भरतं हे मी दाखवून दिलं. पण बांधावर उभं राहून दुसऱ्याची कापणी बघताना काय वाटतं ते मला विचारा. आणि सरवाही सुखाने मिळत नव्हता. भारनियमनाच्या काळात एक निरीक्षण उतरवून घ्यायला दिवसच्या दिवस लागायचे आणि शेवटच्या टप्प्यावर वीज जायची. मी अरविंदना कार्यालयात फोन करून सांगायची, 'तुमच्या खात्याने माझा आणखी एक घड घालवला.' ते म्हणायचे, 'लेखी तक्रार कर.'

आता भरत. हे त्याचं खरं नाव नाही, पण तो स्वतःला ओळखेल. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला त्याचं गाव. पुण्याला आमच्याच सरांकडे तो माझ्यानंतर आला. खानदेशातली एक बाई इथे आहे कळल्यावर थेट माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, 'अक्का, तू जयगावनी शे ना? मंग माले काय भ्याव?' आपल्या जळगावची अक्का आहे, आता भीती कशाची, असा त्याचा हिशेब. तेव्हापासून मी अक्का. पार्श्वभूमी वजा करायला मीच त्याला शिकवलं. तो शिकला, पण कंटाळत शिकला. धुळ्याला कॉलेजात लागला. त्यानंतर वर्षातून दोन-चारदा फोन ठरलेला. 'अक्का, पार्श्वभूमीनं कसं करू?'

भरत वाईट असता तर माझं फार बरं झालं असतं. मत्सराला टेकू मिळाला असता. पण तो उमदा, मोकळा, कुणाच्याही पंगतीत जाऊन बसणारा. परिषदेत मी माझ्या कामाचा तक्ता भिंतीवर लावून त्याच्या शेजारी रखवालदारासारखी उभी असायची. आणि हा परदेशी पाहुण्यांमध्ये चहाचा कप घेऊन त्यांना गावाकडच्या गोष्टी सांगून हसवायचा. त्याची इंग्रजी माझ्यापेक्षा कच्ची. परतताना त्याच्याकडे तीन आमंत्रणं आणि माझ्याकडे गुंडाळलेला तक्ता. मी स्वतःला समजवायची की मी काम करते आणि तो माणसं जोडतो. पुढे कळलं, माणसं जोडणं हेही कामच असतं. तेव्हा तर आणखी जळले.

आणि मग तो घड.

तो घड मी शोधलेला नव्हता, पण त्याच्या वायूचं तापमान सर्वांत आधी नीट मोजलं ते मी, सरव्यातल्या एका आखूड निरीक्षणावरून. मोजताना त्याच्या ईशान्येच्या कडेला काहीतरी ऊबदार असल्यासारखं वाटलं. दोन घड एकमेकांवर आदळतात तेव्हा वायूत धक्क्याची लाट उठते आणि तिच्या मागचा वायू एकदम तापतो. अशी लाट नेमकी कडेवरून दिसणं फार दुर्मीळ. पण माझ्याकडे किरण इतके थोडे होते की हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मी माझ्या निबंधात प्रामाणिकपणे एक वाक्य लिहिलं: या कडेकडे दुर्बिणीने अधिक काळ बघायला हवं. आणि त्यासाठी अर्ज केला. नामंजूर. पुन्हा केला. शास्त्रीय महत्त्व मान्य असल्याचं कळवून पुन्हा नामंजूर. महत्त्व मान्य करून नाही म्हटलेलं जास्त झोंबतं.

काही वर्षांनी भरतने आपल्या परदेशी मित्रांसोबत त्याच घडासाठी अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. यात चोरी नव्हती. माझं वाक्य छापील होतं, जगाला खुलं होतं, आणि त्याने अर्जात माझ्या निबंधाचा उल्लेखही केला होता. त्यानेच फोन करून सांगितलं, आवाज नुसता नाचत होता. 'अक्का, आपला घडले टाइम भेटना!'

आपला. दुर्बिणीचा वेळ मिळाला तो 'आपल्या' घडाला. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि मोलकरणीने घासून ठेवलेली सगळी भांडी पुन्हा घासायला घेतली. अरविंदनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि काही न विचारता बाहेर गेले. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण माणसाला येतंच.

मी निवृत्त झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका शोधपत्रिकेच्या संपादकांची ईमेल आली. आमच्या व्यवसायातली एक रीत इथे सांगायला हवी. कुणीही शोधनिबंध पाठवला की संपादक तो त्या विषयातल्या जाणत्याकडे तपासायला देतात. लेखक कोण ते परीक्षकाला माहीत असतं, पण परीक्षक कोण ते लेखकाला कळत नाही. पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही. नुसतं तपासायचं, आणि छापा, दुरुस्त करून घ्या किंवा परत पाठवा, यातलं एक सांगायचं. मी असे पुष्कळ निबंध तपासले होते. हा उघडला आणि खुर्चीत मागे रेलले. भरतचा होता. माझ्या घडाचा होता. ईशान्येच्या कडेला धक्क्याची लाट सापडली, असा दावा होता.

मी लगेच संपादकांना कळवलं की लेखक माझे गुरुबंधू आहेत, याच घडासाठी माझा अर्ज दोनदा नाकारला गेला आहे, तेव्हा हे माझ्याकडे नको. त्यांचं उत्तर आलं, की या घडाची माहिती असणारी माणसं मोजकी आहेत आणि त्यातली बहुतेक या निबंधाची सहलेखकच आहेत. तुम्ही निःपक्षपाती राहू शकत असाल तर कृपया तपासा. राहू शकाल का?

मी 'हो' असं लिहिलं. इतकं आखूड आणि इतकं अवघड उत्तर मी दुसरं दिलेलं नाही.

निबंध वाचायला घेतला आणि दुसऱ्याच बैठकीत मला ती जागा सापडली. भरतने पार्श्वभूमीसाठी दुर्बिणीबरोबर मिळणारा तयार ठोकताळा वापरला होता. मध्यावर तो चालतो. कडेवर त्याच्या जोरावर शोध जाहीर करणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने दोरा ओवणं. गलका थोडासा जरी कमी वजा झाला असेल, तरी ती गरम कडा खोटी ठरत होती. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, अगदी उकळ्या फुटल्या. कणीक तिंबता तिंबता मी गुणगुणत होते आणि अरविंद म्हणाले, 'आज कुणाचं वाईट झालं?'

मी अभिप्राय लिहिला. सभ्य, थंड आणि धारदार. पार्श्वभूमीचं काम कच्चं आहे, दावा सिद्ध होत नाही, निबंध परत पाठवावा. प्रत्येक शब्द खरा होता. कुणीही त्यावर बोट ठेवू शकलं नसतं. हा असा गेला असता तर भरतचा शोध रखडला असता, कदाचित दुसऱ्या कुणी तो आधी मांडला असता, आणि त्याच्या पदोन्नतीची मुलाखत तोंडावर आली होती तीही गेली असती. हे सगळं मला माहीत होतं. लिहून झालं, पण पाठवायचं बटण दाबवेना.

याला कुणी माझा चांगुलपणा समजू नये. अडचण वेगळीच होती. त्याचं काम कच्चं आहे हे मला ठाऊक होतं, पण कडा गरम आहे की नाही हे मला अजूनही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाने मला कुरतडलं, त्याचं उत्तर त्या निरीक्षणांत पडलेलं होतं, आणि ती निरीक्षणं अजून त्याच्या एकट्याकडे होती. निबंध परत गेला असता तर उत्तरही परत गेलं असतं. मला भरत पडायला हवा होता, हे खरं. पण माझ्या घडाचं काय झालं ते त्याहून जास्त हवं होतं.

म्हणून मी अभिप्राय पुन्हा लिहिला. त्यात एक कसोटी सांगितली. घडाच्या मध्यापासून जितक्या अंतरावर ही गरम कडा आहे, तितक्याच अंतरावर समोरच्या, नैर्ऋत्येच्या बाजूचा तुकडा घ्या. वजाबाकी दोन्हीकडे अगदी सारखी करा, आणि तीही तयार ठोकताळ्याने करू नका, या निरीक्षणातूनच गलका मोजून करा. चूक पार्श्वभूमीची असेल तर समोरची बाजूही गरम निघेल. लाट खरी असेल तर समोरची थंड निघेल. कसोटी साधी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. नापास झाला तर भरत संपला. पास झाला तर त्याच्या शोधाला पुढे जगात कुणी हात लावू शकणार नाही, आणि तो पक्का करून देणारी मी. शेवटी लिहिलं, ही कसोटी उतरल्यास निबंध अवश्य छापावा. अवश्य हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवला. माझी नेहमीची वाक्यं, जी भरतला तोंडपाठ आहेत, ती एकेक शोधून काढून टाकली. मग बटण दाबलं.

काही दिवसांनी भरतचा फोन.

'अक्का, परीक्षकानी मन्हं डोकं खाई टाकं! म्हणे समोरनी बाजू मोज. म्हणे बठ्ठी पार्श्वभूमी नवी कर. तू सांग, कसं करू?'

सगळी पार्श्वभूमी नव्याने करायला सांगणारी मीच होते. परीक्षकानेच लेखकाला उत्तरं सांगायची म्हणजे पेपर काढणाऱ्याने पेपर सोडवून देण्यासारखं. आणि मी परीक्षक आहे हेही सांगता येत नव्हतं.

'मला जमणार नाही, भरत.'

'कामात शे का?'

'हो.'

'काय काम शे? तू तं रिटायर व्हयी गयी.'

'नाही म्हणजे नाही. तुला येतं ते. बसून कर.'

आमच्या इतक्या वर्षांत मी पार्श्वभूमीला नाही म्हटलेलं नव्हतं. तो हसला, पण नेहमीसारखा नाही.

'अक्का, तू जयी राह्यनी का काय?'

जळते आहेस की काय. आयुष्यभर मी त्याच्यावर जळले आणि त्याला पत्ता लागला नाही. आणि आयुष्यात एकदा मी न जळता, निव्वळ नियमासाठी नाही म्हटलं, तर हा मला जळकी ठरवून मोकळा. मी म्हटलं, 'हो, तसंच समज,' आणि फोन ठेवला. त्यानंतर बरेच महिने त्याचा फोन आला नाही. त्या मौनाचा मला राग आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला.

दुरुस्त केलेला निबंध संपादकांमार्फत माझ्याकडे आला. मी सरळ आलेखाच्या पानावर गेले. एकीकडे ईशान्येची कडा, एकीकडे समोरची. समोरची थंड होती. ईशान्येची आधीच्या दाव्यापेक्षा थोडी उतरली होती, पण गरम होती, स्वच्छ, निर्विवाद गरम. आणि वजाबाकी अशी केलेली, की मी केली असती तर अशीच केली असती. मला जे अंधुक दिसलं होतं ते खरं होतं. माझे डोळे भरून आले. त्यात आनंद किती आणि जळजळ किती, याची वजाबाकी मला जमलेली नाही. मी संपादकांना कळवलं, छापा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली, तर दारात भरत. हातात आंब्यांची करंडी. काही कामाने जळगावात आलो होतो म्हणाला, पण त्याच्या तोंडावरून कळत होतं की अबोला त्यालाच सहन झाला नव्हता. असोद्याहून भावजयीने खापरावरचे मांडे पाठवले होते. मी आमरस काढला, ताटं मांडली. पहिला घास घेताच त्याने बातमी सांगितली. निबंध छापायला मंजूर झाला, मुलाखतही चांगली झाली. मी म्हटलं, 'छान.' अरविंदनी मन लावून विचारपूस केली. तेव्हा तो अरविंदकडे वळून सांगू लागला.

'भाऊसाहेब, पन तो परीक्षक! काय मानूस शे तो! पहिले माले इतला राग उना. मंग करं. आनि देखं तं समोरनी बाजू थंड निंघनी. आते मन्हा शोधले कोनी हात लावू शकत नही. त्यानी वाचाडं माले.'

'कोण असेल तुला वाचवणारा?' अरविंदनी विचारलं.

'माले म्हाईत शे.' त्याने एका जर्मन म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचं नाव घेतलं, ज्याच्या शेजारी मी एकदा परिषदेत तक्ता लावून उभी होते आणि ज्याने माझ्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. 'त्यानाशिवाय इतलं बारीक कोनी देखत नही. मी त्याना पाय पडसू एक दिवस.'

मी त्याच्या वाटीत आमरस वाढत होते. 'कशावरून तोच?' मी विचारलं. 'आपल्याकडचं कुणी असेल.'

'आपलाकडे?' भरत मनापासून हसला. माझ्या हाताला हात लावून, अगदी मायेने म्हणाला, 'अक्का, राग नको मानू. तू बी भलती मेहनती. माले बठ्ठं तूच शिकाडं. पन ती नजर न्यारी शे. ती आपलाकडे कोनले शे?'

अरविंद ताटात बघत होते. मी त्यांना एका शब्दानेही सांगितलेलं नव्हतं, पण तो माणूस वीजखात्यात नोकरीला होता, तारा कुठे जोडल्यात ते त्याला न सांगता कळतं. ते सावकाश म्हणाले, 'अशी नजर घरात असती तर राहणं मुश्कील झालं असतं बुवा.' भरतला ते फार आवडलं. तो आणखी एक मांडा घेऊन जेवत राहिला.

आणि मी तिथे वाटी धरून उभी, त्या परीक्षकावर जळत होते. त्या जर्मन म्हाताऱ्यावर नव्हे. त्याने काहीच केलेलं नव्हतं. मी त्या अनोळखी, नजरवाल्या, पाया पडण्याजोग्या माणसावर जळत होते, ज्याचं कौतुक भरतने माझ्याच ताटावर बसून केलं, आणि जसं माझं कधीच केलं नव्हतं. इतकी वर्षं मी परक्यांच्या दुर्बिणींवर जळले, त्याच्या मित्रांवर, त्याच्या हसण्यावर जळले. पण या परीक्षकाइतकं कुणी मला जाळलं नाही.

निबंध छापून आला. सुरुवातीला माझ्या जुन्या कामाचा एका ओळीत उल्लेख आहे. शेवटी अनामिक परीक्षकाचे आभार मानले आहेत, तब्बल चार ओळींत. मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचलं.

परीक्षकाने नंतर स्वतःचं नाव सांगायला त्या पत्रिकेची हरकत नाही, हे मी विचारून घेतलं आहे, म्हणून इथे लिहिलं. हा अंक धुळ्याला भरतच्या घरी दर दिवाळीला जातो आणि तो पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतो. म्हणजे त्याला कळणार. तो चिडेल याची मला भीती नाही, हसेल याचीही नाही. मला भीती एवढीच आहे, की परीक्षक मी होते हे कळल्यावर त्या परीक्षकाविषयीचा त्याचा आदर कमी होईल.